पूर ओसरताना : अंगणातील गाळ काढण्याविषयी

सुरतेची जुनी माणसे पुराला ‘रेल’ म्हणतात. येथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला हा शब्द प्रथम आगगाडीची आठवण करून देतो. पण एखादा पावसाळा असा येतो, की त्यानंतर हा घोटाळा पुन्हा कधी होत नाही. रेल येण्यापूर्वी काय करावे हे आकाशवाणी, वर्तमानपत्रे व महानगरपालिका अशा सर्वांकडून आपणांस कळते. सामान माळ्यावर चढवावे, पिण्याचे पाणी भरून ठेवावे, मेणबत्त्या व औषधे जवळ असावीत, इत्यादी. परंतु रेल गेल्यावर फाटकापासून ओट्यापर्यंत जो चिखल बसलेला असतो तो कसा, केव्हा व कोणी काढावा, याविषयी फारसे कोणी सांगत नाही. हे काम मजुरांचे, त्यात शिकण्यासारखे काय आहे, अशी आपली समजूत असते. माझीही तशीच होती. ऑगस्ट २००६ मध्ये ती दूर झाली. मात्र तिची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याने मोजली. ती हकीकत पुढे यथाक्रम येईल.

प्रथम हा गाळ येतो कोठून ते पाहू. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून आपल्या शहराखाली समुद्राला मिळते. तिच्या पाणलोटाचे क्षेत्र पासष्ट हजार चौरस किलोमीटर इतके आहे आणि त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग महाराष्ट्रात, म्हणजे खानदेशात व पश्चिम विदर्भात, पसरलेला आहे. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या तेथील काळ्या रानांतून माती घेऊन येतात. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत राहणारे आपले बहुसंख्य बांधव ज्या शेतांतून पोटासाठी येथे आले, त्याच शेतांची माती त्यांच्या मागोमाग येते, असे म्हटले तर ती केवळ कविकल्पना ठरणार नाही. उकाईच्या जलाशयात जड वाळू व रेती तळाशी बसते. सांडव्यावरून पुढे येते ती अत्यंत बारीक, चिकण माती. काळ्या मातीचे हे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आक्रसतात. आपल्या दाराशी येणाऱ्या गाळाचे सर्व गुणधर्म यातून निघतात, आणि तो काढण्याची रीतही.

उकाई धरण पूर्ण होण्यापूर्वी, १९६८ च्या ऑगस्टमध्ये, तापीला पंधरा लाख क्युसेकच्या घरातला महापूर आला होता. धरण १९७२ मध्ये पूर्ण झाल्यावर रेल ही गोष्ट इतिहासजमा झाली, असे बऱ्याच जणांना वाटू लागले. १९९८ च्या सप्टेंबरने त्या समजुतीला तडा दिला आणि २००६ ने ती मोडून काढली. त्या वर्षी ७ ऑगस्टला पाणी शहरात शिरू लागले. धरणातून होणारा विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या वर गेला. ९ तारखेस राखी पौर्णिमा होती. अडाजण, रांदेर, कतारगाम, अठवा, नानपुरा या भागांतील कित्येक भगिनींनी त्या दिवशी समोरच्या गच्चीकडे नुसते हात हालविले.

आमचे घर अडाजणला, तळमजल्यावर दवाखाना आणि वर बिऱ्हाड. चौथ्या दिवशी पाणी उतरू लागले. सुरतेत पाणी एकसारखे उतरत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. समुद्राला भरती असली की ते जागच्या जागी थबकते आणि ओहोटी लागली की झपाट्याने जाते. शेजारच्या घरात एक वृद्ध गुजराती बाई राहत. सारी गल्ली त्यांना ‘बा’ म्हणे. त्यांनी १९६८ ची रेल नानपुऱ्यात अनुभवलेली होती. दवाखान्यात पाणी अजून घोट्याच्या वर असतानाच बांनी आपल्या मुलांना व नातवंडांना खराटे व फळ्या देऊन खाली उतरविले आणि आमच्या गच्चीकडे पाहून त्या ओरडल्या, “डॉक्टर, पाणी जाय एनी साथे कादव काढो!” पाण्याबरोबरच चिखल बाहेर घालवा, नंतर तो निघायचा नाही, असा त्याचा अर्थ. मी त्या वेळी वीज केव्हा येईल याविषयी इतर शेजाऱ्यांशी गहन चर्चा करीत होतो. पाणी पूर्ण जाऊ द्यावे, ऊन पडू द्यावे, मग दोन मजूर लावून एका दिवसात सारे उरकावे, असा माझा सुशिक्षित बेत होता.

बांचे अंगण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोकळे झाले. माझ्या अंगणाला तीन दिवस लागले. दोन्ही अंगणे जवळजवळ सारखीच होती.

यातील गणित सोपे आहे. वीस फूट लांब व दहा फूट रुंद अशा अंगणात अर्धा फूट गाळ बसला, तर तो शंभर घनफूट होतो. ओल्या गाळाचे वजन पाण्याच्या दीडपटीहून अधिक असते. तेव्हा हे ओझे पावणेपाच टनांच्या आसपास जाते. एका घमेल्यात पेलवेल इतका म्हणजे पंधरा किलो गाळ घेतला, तर तीनशेहून अधिक घमेली भरावी, उचलावी, वाहावी आणि ओतावी लागतात. आणि हे फक्त अंगण झाले. घराच्या खोल्या, जिना व मागची गल्ली वेगळीच. याउलट पाणी हलते आहे तोवर हे कण पाण्यात तरंगत असतात. खराट्याने तळ ढवळत राहिले तर ते खाली बसत नाहीत आणि जाणाऱ्या पाण्याबरोबर फाटकाबाहेर जातात. ते वाहण्याचे काम पाणी स्वतः फुकट करते. पाणी थांबले, की काही तासांत तोच गाळ पातळ पिठल्यासारखा होतो, दुसऱ्या दिवशी मळलेल्या कणकेसारखा आणि ऑगस्टचे ऊन लागले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेगा पडलेल्या लादीसारखा. सर्वांत वाईट तो दुसरा दिवस. कणकेसारखा गाळ धड वाहतही नाही आणि धड तुटतही नाही, फावड्याला धरून बसतो. आपण बहुतेक सगळे नेमके त्याच दिवशी कामाला लागतो.

तेव्हा पहिली गोष्ट वेळेची. पाणी गुडघ्याखाली आले आणि ओहोटी लागली, की काम सुरू करावे. परंतु त्यापूर्वी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय कोणीही पाण्यात पाय घालू नये. घराचा मुख्य विजेचा खटका, मग रस्त्यावरची वीज गेलेली असो वा नसो, बंद केलेला असावा. हातात लांब काठी असावी. गटाराची झाकणे पुरात उचलली जातात आणि उघडे तोंड गढूळ पाण्याखाली दिसत नाही, म्हणून काठीने तळ चाचपून मगच पाऊल पुढे टाकावे. आणि कोपऱ्यातील लाकडे, कुंड्या, पायपुसणी हाताने उचलू नयेत, काठीने हालवावीत, कारण सापही आपल्याप्रमाणेच कोरडी जागा शोधीत आलेले असतात.

यानंतर कुंपणाच्या भिंतीच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोके मोकळी करावीत. ही भोके आपण बांधकामाच्या वेळी हौसेने ठेवतो आणि पुढे उंदीर येतात म्हणून विटा लावून बुजवितो. ती नसतील तर फाटक पूर्ण उघडून ठेवावे. मग घराच्या सर्वांत आतल्या खोलीपासून आरंभ करून बाहेर यावे. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर, ओट्यावरून अंगणात, अंगणातून फाटकाकडे. उताराच्या विरुद्ध एकही फावडे मारू नये. एकाने खराट्याने ढवळावे, त्याच्या मागे दोघांनी लांब दांड्याला आडव्या ठोकलेल्या फळीने ढकलत न्यावे. ही फळी म्हणजे या कामातील सर्वांत मोलाचे हत्यार. दीड-दोन फूट रुंदीची साधी पाटी आणि पाच फुटांचा बांबू, दोन खिळ्यांत तयार होते. लहान जागेत रबरी वायपर चालतो, पण गाळ चार बोटांहून जाड असला की त्याचे रबर दुमडते. पहिली धुलाई पुराच्याच पाण्याने करावी. नळाचे पाणी त्या दिवसांत दुर्मिळ असते. ते शेवटच्या एका हातासाठी राखून ठेवावे. चांगले पाणी अगोदर वापरून टाकणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांच्या भिंतींवर दिवाळीपर्यंत करडा थर होता.

ज्यांची वेळ हुकली आहे, म्हणजे गाळ कणकेसारखा झाला आहे, त्यांनी सगळे अंगण एकदम काढण्याच्या मागे लागू नये. दारापासून फाटकापर्यंत दोन हात रुंदीची एक वाट आधी मोकळी करावी. वृद्ध माणूस, बाळंतीण किंवा रुग्ण बाहेर काढण्याची वेळ आली तर ती वाट उपयोगी पडते, आणि पुढचा सारा गाळ त्याच वाटेने नेता येतो. नंतर फावड्याच्या कडेने थराचे वीतभर चौकोन कापावेत आणि बर्फीच्या वडीप्रमाणे एकेक उचलावा. दर चार-पाच वेळा फावडे पाण्यात बुडवून घ्यावे अथवा त्याच्या पात्याला थोडे तेल लावावे. गाळ चिकटत नाही आणि निम्मी शक्ती वाचते. फरशी कोटा दगडाची असेल तर काम लवकर होते. आजकाल अंगणात सांध्यांचे सिमेंटचे ठोकळे बसविण्याची पद्धत आहे. ते दिसतात सुरेख, पण त्यांच्या फटींतून गाळ खरवडून काढण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे तो दुसऱ्यांदा ते बसवीत नाही. बागेतला व झाडांच्या आळ्यांतला गाळ मात्र काढण्याची घाई नको. तो वाळून त्याचे पोपडे सुटले की हाताने उचलून टाकता येतात, आणि उरलेला मातीत मिसळला तरी झाडांची तक्रार नसते.

माझे एक निकटचे आप्त न्यू जर्सीत स्थायिक आहेत. दर हिवाळ्यात फोनवर ते घरापुढची गाडीची वाट बर्फातून कशी मोकळी केली याचे वर्णन करतात. त्यांचे नियम ऐकून मला नवल वाटले, कारण ते बांच्या नियमांशी जवळजवळ जुळतात. बर्फ पडत असतानाच थोडा थोडा काढावा, साचून घट्ट होऊ देऊ नये, उचलण्याऐवजी ढकलावा, फावडे अर्धेच भरावे, त्याला मेण लावावे, घसरू नये म्हणून वाटेवर वाळू किंवा मीठ टाकावे. फरक इतकाच की त्यांनी काहीच केले नाही तरी एप्रिल महिना त्यांची वाट मोकळी करून देतो. तापीच्या गाळाला एप्रिल नाही.

बर्फाच्या संदर्भात तेथील वैद्यकीय जगताने केलेला एक अभ्यास आपल्या व्यवसायबंधूंना ठाऊक असेल. १९९५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दहा निरोगी पण बैठे जीवन जगणाऱ्या पुरुषांकडून ओला, जड बर्फ उपसून घेतला. दोनच मिनिटांत त्यांच्या हृदयाची गती व्यायामासाठी सांगितल्या जाणाऱ्या वरच्या मर्यादेपलीकडे गेली. कारणे उघड आहेत. हे काम मुख्यतः हातांचे. उचलताना आपण नकळत श्वास कोंडून धरतो. पाय जागीच रोवलेले असल्याने पायांतील रक्त हृदयाकडे नीट परतत नाही. गाळाच्या बाबतीत हे सर्व लागू पडते. तेथे थंडी रक्तवाहिन्या आकुंचित करते. येथे ऑगस्टची दमट हवा घाम वाळू देत नाही आणि शरीर तापत जाते. शिवाय चार दिवसांचा उपास, अपुरी झोप आणि रक्तदाबाच्या गोळ्या पाण्यात वाहून गेलेल्या. ज्यांना हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब अथवा धाप लागण्याचा विकार आहे, त्यांनी फावडे हाती घेऊ नये. खुर्चीवर बसून देखरेख करावी. एरवीही तीच त्यांची आवडती भूमिका असते. इतरांनी पंधरा मिनिटे काम व पाच मिनिटे विसावा असा क्रम ठेवावा, मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने घेत राहावे, आणि ओझे टाकताना कंबर पिळवटण्याऐवजी पायांसह संपूर्ण वळावे. छातीवर दडपण, जबड्यात अथवा डाव्या हातात कळ, अकारण मळमळ यांपैकी काही जाणवले तर ‘एवढी दोन घमेली टाकून बसतो’ असे म्हणू नये. अस्थिरोगतज्ज्ञांचे काम वाढविणारी बाब म्हणजे निसरडी फरशी. घसरणारा माणूस तळहात टेकतो आणि मनगटाचे हाड मोडते. धुतलेल्या पायऱ्यांवर वाळू, राख किंवा लाकडाचा भुसा टाकावा.

आता ती हकीकत. माझे अंगण व दवाखाना साफ करण्यासाठी जे दोघे मजूर आले त्यांतील एक शहाद्याकडचा होता. लिंबायतमध्ये खोली घेऊन राहत होता, लूमवर काम करीत होता. लूम बंद पडल्यामुळे मिळेल त्या कामास तयार होता. अंगणात काच, दवाखान्यातील मोडक्या कुप्या व देव जाणे काय काय होते. मी त्याला म्हणालो, “भाऊ, अनवाणी उतरू नका, माझे जुने बूट आहेत ते घाला.” तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, बुटात पाय घसरतो. उघडा पाय जमीन धरतो.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते, चामडी बूट चिखलात खरोखरच घसरतात. मी आग्रह धरला नाही. गमबूट आणवून देणे मला अशक्य नव्हते. परंतु त्या धांदलीत, काम लवकर उरकावे या घाईत, मी तो विषय तेथेच सोडला. पहिल्याच दिवशी त्याच्या टाचेला काच लागली. मी जखम धुऊन, धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन, पट्टी बांधली. तो पुन्हा चिखलात उतरला, आणि तीन दिवस राबला. एक वैद्य या नात्याने त्या क्षणी मला काय आठवायला हवे होते, हे वाचकांपैकी डॉक्टरांना सांगण्याची आवश्यकता नाही.

बाराव्या-तेराव्या दिवशी तो आला तेव्हा त्याला चार दिवसांपासून ताप होता. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की दोघांनी धरून आणले होते. डोळे लाल होते, पण त्यांत चिपडे नव्हती; पांढऱ्या भागात पिवळी झाक दिसू लागली होती. आदल्या दिवसापासून लघवी कमी झाली होती. लेप्टोस्पायरोसिसचे चित्र पाठ्यपुस्तकात छापावे तसे समोर उभे होते. त्यास रुग्णालयात दाखल केले, पेनिसिलिन सुरू झाले, मूत्रपिंडे काम करीनात म्हणून डायलिसिस करावे लागले. तो वाचला. दोन महिन्यांनी लूमवर परतला. परंतु मधल्या काळात त्याच्या पत्नीने कानातले विकले, हे मला नंतर कळले.

दक्षिण गुजरातला हा रोग नवा नाही. सुरत, नवसारी, वलसाड या भागांतील भात व उसाच्या शेतांत राबणाऱ्या लोकांत तो १९९० च्या दशकापासून पावसाळ्यात नित्य दिसतो. उंदीर, गुरे, डुकरे यांच्या मूत्रातून त्याचे जंतू ओल्या मातीत येतात आणि ओल राहील तोवर तग धरतात. भिजून मऊ झालेली त्वचा, पायाच्या भेगा, जखम, डोळा अथवा तोंड यांवाटे ते शरीरात शिरतात. तोवर आपण त्याला शेतकऱ्यांचा रोग समजत होतो; २००६ च्या पुरानंतर तो शहरात आला, आणि त्याने प्रामुख्याने त्यांना गाठले जे पाण्यात व चिखलात उघड्या पायांनी वावरले. म्हणजे घराचे अंगण कितीही कौशल्याने साफ केले, तरी ते कोणाच्या पायांनी साफ झाले हा प्रश्न उरतोच.

म्हणून गमबूट ही या कामातील ऐच्छिक वस्तू नाही. तळाला खोल नक्षी असलेला, पोटरीपर्यंतचा रबरी बूट चिखलात घसरत नाही. आत मोजे घालावेत, हातांत रबरी मोजे असावेत, आणि जखम असेल तर जलरोधक पट्टी लावावी. पट्टी लावूनही मोठी जखम असलेल्या माणसाने त्या दिवशी चिखलात उतरूच नये. मधुमेही व्यक्तींनी विशेष सांभाळावे, कारण त्यांच्या पायांना काच टोचल्याचे कळतही नाही. चिखलात काम करणे टळतच नसेल तर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलीग्रॅम, जेवणानंतर भरपूर पाण्यासह, असा प्रतिबंधक उपाय वापरात आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा; गर्भवती स्त्रिया व आठ वर्षांखालील मुले यांना तो देत नाहीत; आणि गोळी घेतली म्हणून बूट काढून ठेवू नयेत. काम संपल्यावर साबणाने हातपाय धुऊनच चहाला हात लावावा. त्यानंतर महिनाभर कोणासही ताप आला तर त्याने डॉक्टरांस ‘मी पुराच्या चिखलात काम केले होते’ हे एक वाक्य आवर्जून सांगावे, आणि डॉक्टरांनी ते न सांगणाऱ्यास विचारावे. त्या एका प्रश्नाने चार दिवस वाचतात. या रोगात चार दिवस फार मोठे असतात.

ब्लीचिंग पावडरविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पुरानंतर सारे शहर पांढरे दिसू लागते. गाळावर, कचऱ्यावर, गटारावर मुठीमुठीने पावडर फेकलेली असते. गाळातील सेंद्रिय द्रव्य तिच्यातील क्लोरीन क्षणात खाऊन टाकते आणि खाली जंतू सुखाने राहतात. आधी गाळ काढावा, मग फरशी धुवावी, आणि सर्वांत शेवटी निर्जंतुक द्रावण लावावे. ताज्या, सुमारे ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचे ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात घालून ढवळले, की जवळजवळ एक टक्क्याचे द्रावण होते. ते फरशीवर व भिंतीच्या भिजलेल्या भागावर लावून अर्धा तास राहू द्यावे. हे द्रावण अ‍ॅसिडमध्ये किंवा शौचालय धुण्याच्या द्रवात कदापि मिसळू नये. विषारी वायू निर्माण होतो.

अंगणाखालच्या पाण्याच्या टाकीत पूर शिरला असेल तर ती पूर्ण उपसून, घासून, स्वच्छ पाण्याने भरावी. दर हजार लिटरला दीडशे ग्रॅम पावडर घालून एक रात्र ठेवावी आणि ते पाणी टाकून द्यावे. टाकीत माणूस उतरविण्याआधी झाकण बराच वेळ उघडे ठेवावे आणि वर दुसरा माणूस असावा. पाणी उपसण्याचा डिझेल पंप बंद खोलीत चालवू नये.

काढलेल्या गाळाचे करायचे काय? उत्तर सोपे वाटते: रस्त्यावर. पण पावसाच्या गटारात तो लोटला तर पुढचा पाऊस आपल्याच घरात येतो. रस्त्याच्या एकाच बाजूस ढीग करावा, म्हणजे महानगरपालिकेचे ट्रॅक्टर व जेसीबी यांना शिरता येते. गाद्या, सडलेले धान्य व मेलेली जनावरे गाळात मिसळू देऊ नयेत, वेगळी ठेवावीत. व्यवसायबंधूंनी सुया व कुप्या तर निश्चितच. आणि गल्लीने मिळून काम करावे. उताराच्या वरच्या टोकाच्या घरापासून आरंभ होऊन खालचे घर शेवटी धुतले गेले पाहिजे; अन्यथा खालच्याने सकाळी धुतलेले अंगण वरच्याच्या गाळाने दुपारी भरते आणि संध्याकाळी भांडण होते. आमच्या गल्लीत ते झाले. दोघेही आता एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना जातात, म्हणून अधिक लिहीत नाही.

या शहराने हा धडा मोठ्या दुःखातून घेतलेला आहे. १९९४ च्या पावसाळ्यात सखल भागांत पाणी भरून गेले, घाण तशीच राहिली, आणि सप्टेंबरमध्ये वेड रोड परिसरातून प्लेगचे वृत्त आले. लक्षावधी लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले. कित्येक डॉक्टरही गेले. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि झाडू, गटार व कचऱ्याची गाडी या तीन गोष्टींना त्यांनी जी प्रतिष्ठा दिली तिचे फळ २००६ मध्ये दिसले. त्याहून मोठा पूर येऊनही इतर शहरांच्या पथकांच्या मदतीने टनावारी गाळ हलला आणि प्लेग आला नाही. आता नदीपेक्षा खाड्यांचा पूर अधिक वेळा येतो. जुलै २०२४ व जून २०२५ मध्ये लिंबायत व आसपासच्या वस्त्यांनी तो सोसला. खाडीचा गाळ तापीच्या गाळाहून वेगळा असतो, काळा, तेलकट, सांडपाण्याचा. त्याला केवळ ढकलून भागत नाही. धुण्याचा सोडा घातलेले पाणी लागते, आणि हातमोज्यांशिवाय त्यास स्पर्श करू नये.

बा २०११ मध्ये गेल्या. त्यांची फळी त्यांच्या मुलाने आम्हांला दिली. ती आमच्या माळ्यावर आहे, आणि तिच्या शेजारी सहा, सात, आठ व नऊ या मापांचे गमबुटांचे चार जोड, दोन खराटे, दोन फावडी, रबरी मोजे, दोरी व काठी. दरवर्षी जूनच्या पहिल्या रविवारी ते खाली काढून पाहतो, कारण रबर उन्हाळ्यात माळ्यावर तडकते. गेल्या वर्षी आठ नंबरचा एक बूट बदलावा लागला. ब्लीचिंग पावडर मात्र माळ्यावर साठवू नये. सहा महिन्यांत तिचा जोर जातो, ती जूनमध्ये ताजी आणावी.